इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष : सोलापुरात नव्यानं आलेल्यांसाठी

दरवर्षी पहिल्या चाचणीनंतर माझ्या वर्गातले मागचे बाक रिकामे व्हायला लागतात. आधी एक मुलगा लेक्चर बुडवतो, मग त्याच्या शेजारचा. दिवाळीला गावी गेलेला एखादा परत येतच नाही. फोन केला तर घरचे म्हणतात, "त्याला जमेना म्हणतोय मॅडम."

मी सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. माझं स्वतःचं शिक्षणही इथलंच. असे सोडून गेलेले विद्यार्थी आठवते तेव्हा त्यातली बहुतेक मुलं डोक्यानं चांगली होती, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. बारावीला गणितात चांगले गुण होते, सीईटी नीट दिली होती. त्यांचं अडलं तेव्हा ती कुणाकडे बोलली नाहीत आणि दीड-दोन महिने तसेच गेले. तोवर चार विषय साचले. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे. ज्याचा प्रवेश आत्ताच झालाय त्यानं सुरुवातीपासून वाचा. ज्याची पहिली चाचणी बिघडली आहे त्यानं सरळ चाचणीच्या भागावर जा, बाकीचं नंतर.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी : कागद आणि पैसे

अभ्यासाच्या आधी पैशाचं बोलते, कारण अभ्यास जमत नाही असं सांगून जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं खरं कारण फीचा हप्ता असतो. ते सांगायची लाज वाटते, म्हणून "जमेना" हा शब्द पुढे येतो.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेयर या सगळ्यांच्या चार-चार झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये स्वच्छ स्कॅन करून ठेवा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का हे बँकेत जाऊन विचारा. खात्याला आधार नंबर नोंदवणं वेगळं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात पडतील अशी जोडणी होणं वेगळं. काउंटरवर "डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का" असंच विचारायचं. हे न झाल्यामुळे मंजूर झालेली शिष्यवृत्ती महिनोन् महिने अडकलेली मी पाहिली आहे.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा आणि तो दरवर्षी करायचा. एकदा भरला म्हणजे चार वर्षांचं झालं, असं नाही. खुल्या प्रवर्गातल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. मुलींसाठी 2024-25 पासून मोठा बदल झाला: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच) झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर मिळत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला 50 हजार रुपये देते, तिचा अर्ज मात्र राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतो.

आणि एक खास आपल्या गावासाठी. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. आईचं विडी कामगार ओळखपत्र घरात कुठल्यातरी डब्यात पडलेलं असतं आणि मुलाला त्याचा उपयोग ठाऊक नसतो. आजच ते शोधून काढा.

लॅपटॉपसाठी पहिल्याच महिन्यात कर्ज काढू नका. पहिल्या वर्षाचं सी प्रोग्रॅमिंग कॉलेजच्या लॅबमध्ये बसून होतं. मिनी ड्राफ्टर, पुस्तकं, वर्कशॉपचा ॲप्रन हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून अर्ध्या किमतीत मिळतं. विचारलं की तीही खूश होतात, कारण त्यांना ते कपाटातून घालवायचंच असतं.

राहायचं कुठं, यायचं कसं

अक्कलकोट, मोहोळ, दक्षिण सोलापूर इथली पुष्कळ मुलं रोज येऊन-जाऊन करतात. एसटीचा विद्यार्थी पास काढा, तिकिटाच्या एक-तृतीयांश पैशात महिना निघतो. पण रोजचे दोन-अडीच तास प्रवासात जात असतील तर घरी जाऊन रात्री अभ्यास करीन, हा बेत आखूच नका. थकून आलेला माणूस जेवतो आणि झोपतो. त्यापेक्षा शेवटचं लेक्चर संपलं की एक गाडी सोडून द्या, लायब्ररीत तास-दीड तास बसून त्या दिवसाचं त्या दिवशी संपवा आणि पुढच्या गाडीनं जा. येऊन-जाऊन करणाऱ्यांपैकी जे चांगले टिकले, त्यांनी हेच केलं.

खोली घेऊन राहणार असाल तर भाडं विचारण्याआधी पाण्याचं विचारा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. साठवायला टाकी आहे का, वर चढतं का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. परीक्षेच्या दिवशी सकाळी बादली घेऊन खाली उभं राहावं लागू नये. आणि एप्रिल-मे महिन्यात इथला पारा चाळीसच्या पुढे असतो. पत्र्याच्या खोलीत दुसऱ्या सत्राचा अभ्यास होत नाही. तेव्हा दुपारसाठी जागा आधीच हेरून ठेवा, कॉलेजची लायब्ररी किंवा शहरातलं एखादं वाचनालय. हिराचंद नेमचंद वाचनालय तर सोलापूरकरांच्या पिढ्यांना माहीत आहे.

पहिला आठवडा

एआयसीटीईनं नव्या विद्यार्थ्यांसाठी इंडक्शन कार्यक्रम आखून दिला आहे, मूळ कल्पना तीन आठवड्यांची. त्यात खेळ असतात, कला असते, मानवी मूल्यांवर गप्पा असतात, शाखेची ओळख असते. मुलं समजतात की अजून शिकवणं सुरू झालेलं नाही, मग कशाला जायचं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. एक वेळ गणिताचं एखादं लेक्चर चुकलं तर मी पुन्हा सांगीन, पण इंडक्शन बुडवू नका. जे चार जण पुढे तुमच्या अडचणीला उभे राहणार आहेत, ते तिथंच भेटतात. तुमचे मेंटॉर, म्हणजे तुमची विचारपूस करायला नेमलेले शिक्षक, कोण, त्यांची केबिन कुठे, ते कधी मोकळे असतात, हेही तिथंच कळतं. पहिल्या आठवड्यात, काहीही काम नसताना, एकदा त्या केबिनमध्ये जाऊन नाव-गाव सांगून या. काम नसताना ज्या दारातून आत गेलो, त्याच दारात अडचणीच्या वेळी पाय अडखळत नाही.

दुसरं काम नियमांचं. आपलं कॉलेज स्वायत्त आहे, की पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या परीक्षा आहेत, की लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या? यावर परीक्षेची पद्धत ठरते. पासिंग कितीला, अंतर्गत गुण किती, हजेरी किती लागते, केटी (राहिलेला विषय घेऊन पुढे जाणं) किती विषयांपर्यंत चालते आणि वायडी (वर्ष वाया जाणं) कधी बसते, हे सगळं तुमच्या नियमावलीत छापलेलं असतं. सीनियर सांगतात ते त्यांच्या वेळचं असतं. अभ्यासक्रम आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बदलले आहेत, क्रेडिटची मांडणी वेगळी झाली आहे. नियमावली स्वतः वाचा.

शेवटच्या कॅप राउंडला किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला उशिरा प्रवेश मिळालेल्यांसाठी थोडं थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त फसगत त्यांची होते. तुम्ही येता तेव्हा वर्गात दोन-तीन प्रकरणं होऊन गेलेली असतात. तुम्ही मागच्या बाकावर बसता आणि "नंतर बघू" म्हणता. असं करायचं नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना वर्ग संपल्यावर दोन मिनिटं भेटा आणि विचारा: "सर, मी आजच जॉईन झालोय. आत्तापर्यंत काय झालं, आणि त्यातलं पुढच्या प्रकरणाला लागतं असं कोणतं?" प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. सगळं भरून काढायला वेळ नसतो. जे पुढे लागणार आहे तेवढं आधी भरा, बाकीचं दिवाळीत.

भाषेची भिंत

वर्गात चार भाषा असतात. पूर्व भागातल्या मुलांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्यांच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू, बाकी मराठी. फळ्यावर मात्र इंग्रजी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं गणिताला घाबरत नाहीत. ती घाबरतात प्रश्नाच्या वाक्याला.

म्हणून तांत्रिक शब्दांच्या आधी प्रश्नपत्रिकेतली क्रियापदं शिका. पाच-सहाच आहेत. "स्टेट" म्हटलं की फक्त नियम किंवा प्रमेय लिहायचं, सिद्धता लिहीत बसलात तर वेळ गेला आणि गुण एकच. "प्रूव्ह" म्हटलं की पायरीपायरीनं सिद्धता. "डिड्यूस" म्हणजे वर जे निघालं त्याचाच आधार घेऊन पुढचं काढायचं, नव्यानं वेगळ्या रीतीनं सोडवलं तर गुण कापले जाऊ शकतात. "व्हेरिफाय" म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढून सारख्या येतात हे दाखवायचं. मंगळवेढ्याच्या एका मुलाचा पेपर तपासताना मला हे पहिल्यांदा लख्ख दिसलं. त्यानं "व्हेरिफाय"च्या प्रश्नाला दीड पान सुंदर सिद्धता लिहिली होती, दिलेलं उदाहरण मात्र हातच लावलेलं नव्हतं. गणित येत होतं, प्रश्न कळला नव्हता.

वर्गात मराठीत प्रश्न विचारा. मी अजून असा शिक्षक पाहिलेला नाही जो मराठीत विचारलं म्हणून उत्तर देत नाही. लिहायचं इंग्रजीत आहे, समजून घ्यायचं आपल्या भाषेत. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतून मोफत आहेत. एखादं प्रकरण इंग्रजीत डोक्यावरून गेलं तर आधी ते मराठीत वाचा, मग इंग्रजी पुस्तक उघडा. एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन, व्याख्यानंही फुकट आहेत, पण ती लांब असतात. पहिल्या सत्रात त्यांच्या मागे फार लागू नका.

एकट्यानं अभ्यास करू नका

या एका गोष्टीसाठी मी हा सगळा लेख लिहिते आहे म्हटलं तरी चालेल.

अमेरिकेत बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1970च्या दशकात युरी ट्राइसमन नावाच्या तरुण गणितज्ञाला एक प्रश्न पडला. पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी इतक्या मोठ्या संख्येनं का नापास होतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी का पुढे जातात? लोकांचे अंदाज ठरलेले होते: तयारी कमी, घरचं लक्ष कमी, मेहनत कमी. ट्राइसमन मुलांच्या खोल्यांपर्यंत गेला, ती अभ्यास कशी करतात हे बघत बसला. अंदाज खोटे निघाले. नापास होणारी मुलंही सांगितलेले तास इमानेइतबारे बसत होती, फक्त एकटी बसत होती. चिनी मुलं आधी स्वतः गणितं सोडवत आणि मग संध्याकाळी एकत्र जमून उत्तरं ताडून बघत, एकमेकांना प्रश्न घालत, कोण कुठे अडलं ते काढत. ट्राइसमननं मग कृष्णवर्णीय मुलांसाठी एकत्र बसून कठीण गणितं सोडवायचे वर्ग सुरू केले. सोपं करून शिकवायचे वर्ग नव्हेत, कठीण गणितांचे. मुलं पास तर झालीच, पुष्कळांनी वरच्या श्रेणी मिळवल्या.

बर्कलेचं सोलापुरात काय, असं वाटेल. पण एकट्यानं बसणाऱ्या मुलाला काय होतं ते सगळीकडे सारखंच. त्याला वाटतं, मलाच येत नाही. चौघं बसली की पहिल्या दहा मिनिटांत कळतं, हे गणित चौघांनाही आलेलं नाही.

गट चारांचा असावा. पाच झाले की गप्पा होतात. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, शक्यतो कॉलेजातच. खोलीवर बसलात की चहा होतो, अभ्यास होत नाही. आधी अर्धा तास प्रत्येकानं गप्प बसून स्वतः सोडवायचं, मग वह्या मध्ये ठेवायच्या. गटातल्या प्रत्येकानं एक तरी गणित उभं राहून समजावून द्यायचं, आणि ज्याला सगळ्यात कमी येतं त्याची पाळी आधी.

उदाहरण देते. कॉम्प्लेक्स नंबरमध्ये 1 + i चा आठवा घात काढायचा आहे. एकानं डी मॉयव्हरचं प्रमेय लावलं: मापांक वर्गमूळ 2, कोन पाय (π) भागिले 4. वर्गमूळ 2 चा आठवा घात 16, आणि कोन आठपट केला की 2 पाय, म्हणजे फिरून जागेवर. उत्तर 16. दुसऱ्याला प्रमेय आठवेना, त्यानं नुसता वर्ग केला: 2i. त्याचा वर्ग उणे 4. त्याचा वर्ग 16. तीन ओळी! आता दोघं एकमेकांच्या वह्या बघतात. पहिल्याला कळतं की प्रमेय लावण्याआधी घाताकडे बघावं, आठ म्हणजे तीन वेळा वर्ग. दुसऱ्याला कळतं की घात 7 असता तर आपली वाट लांबली असती आणि एक तृतीयांश असता तर बंदच झाली असती, तेव्हा प्रमेय शिकायलाच हवं. एकट्यानं 16 काढून पुढचं गणित घेतलं असतं तर दोघांनाही हे कळलं नसतं.

सोडवलेलं गणित वाचून "समजलं" असं वाटतं, ते खरं नसतं. वही मिटा, कोऱ्या कागदावर तेच पुन्हा करा. जिथं पेन थांबेल तिथं तुमची अडचण आहे, तेवढीच गटात न्यायची.

ड्रॉइंग : साबणाची वडी घ्या

इंजिनिअरिंग ग्राफिक्समध्ये अडणाऱ्यांची संख्या गणितापेक्षा कमी नसते, आणि त्यात मुलींना "तुमचं डोकं त्यात चालत नाही" असं ऐकवलं जातं, त्याची मला चीड आहे. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी या प्राध्यापिकेनं 1993 पासून, वस्तू मनात फिरवून बघणं जमत नाही अशा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सरावाचा छोटा कोर्स चालवला. तो केलेल्यांचे गुण सुधारले, इंजिनिअरिंगमध्ये टिकणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि मुलींमध्ये हा फरक ठळक दिसला. स्वतः सॉर्बीला पहिल्या वर्षाला हाच विषय जड गेला होता. म्हणजे ही जन्मजात देणगी नाही, सरावाची गोष्ट आहे.

कपड्याच्या साबणाची वडी घ्या आणि सुरीनं पुस्तकातल्या आकृतीसारखी कापा: एक कोपरा तिरका, वर एक खाच. टेबलावर ठेवा. आता डोळा वडीच्या समोर, उंची बरोबर, एक डोळा मिटून बघा. जे दिसतं ते कागदावर काढा, हा फ्रंट व्ह्यू. मग वडी जागची न हलवता उभं राहून सरळ वरून बघा, हा टॉप व्ह्यू. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते, म्हणून टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे काढायचं. हे पाठ करणारी मुलं परीक्षेत उलटं काढतात. वडीला डावीकडून बॅटरीचा उजेड मारा, सावली उजव्या भिंतीवर पडते ना? त्या सावलीच्या जागीच तो व्ह्यू काढायचा. एकदा असं पाहिलेलं मूल पुन्हा चुकत नाही.

शीट मात्र स्वतःच काढा. खिडकीच्या काचेवर मित्राची शीट ठेवून गिरवली की सबमिशन होतं आणि परीक्षेत हात चालत नाही. पेन्सिल 2एच बांधणीच्या रेषांना, एच बाहेरच्या ठळक रेषांना. टोक सतत काढत राहा.

जर्नल, सबमिशन, ओरल यांच्याबद्दल एवढंच: प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात लिहून सही घ्या. सत्राच्या शेवटी रात्रभर जागून लिहिणारे थेअरीच्या अभ्यासाचे दिवस त्यात घालवतात.

पहिली चाचणी, आणि तिच्यानंतरचे आठ दिवस

बारावीला नव्वद पडलेल्या मुलाला वीसपैकी सहा पडतात. हे होतं, पुष्कळांचं होतं. पुढचे आठ दिवस काय करता यावर वर्ष ठरतं.

पहिल्या दिवशी पेपर मागून घ्या आणि गुण न बघता प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा. विषयच समजला नव्हता तर "स", समजला होता पण सराव नव्हता तर "र", चिन्ह-बेरीज चुकली किंवा प्रश्न नीट वाचला नाही तर "घ", म्हणजे घाई. मग मोजा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या पेपरांत "घ" आणि "र" जास्त निघतात, आणि मुलं मात्र सांगत असतात की मला काहीच समजत नाही. "स" जिथं आहेत ती यादी घेऊन दोन दिवसांत शिक्षकांकडे जा. "मला गणित येत नाही" असं म्हणत येऊ नका, त्यावर मला काही करता येत नाही. "पार्शल डेरिव्हेटिव्हमध्ये चेन रूल लावताना कोणतं चल स्थिर धरायचं ते कळत नाही" असं म्हणालात तर पंधरा मिनिटांत सुटतं.

आणि त्या आठ दिवसांत एकही लेक्चर बुडवायचं नाही. कमी गुण पडले की तोंड लपवावंसं वाटतं, मला ठाऊक आहे. पण मागचे बाक रिकामे व्हायला सुरुवात होते ती याच आठवड्यात.

पहिल्या वर्षाचे प्रवेश लांबतात, त्यामुळे सत्राची परीक्षा बऱ्याचदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, आसपास येते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जाऊ नका असं मी सांगणार नाही, सोलापुरात राहून ते शक्यही नाही. दिवस आधीच वेळापत्रकात धरा आणि तेवढा अभ्यास डिसेंबरमध्ये पुढे ओढा.

मनावर आलं तर

रात्र-रात्र झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सगळं सोडून द्यावंसं वाटत असेल, तर ती अभ्यासाची अडचण उरत नाही. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. रॅगिंग होत असेल तर 1800-180-5522. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, "गंमत केली" ही सबब त्यात चालत नाही. मेंटॉरना सांगा, घरी सांगा. खोलीतल्या मित्राचं असं काही दिसलं तर त्याच्या वतीनं तुम्ही सांगा.

केटी लागली तर

निकाल लागला की पहिल्याच दिवशी तीन तारखा शोधा: उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागायची शेवटची तारीख, पुनर्मूल्यांकनाची, आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायची. या तारखा जवळजवळ असतात आणि एकदा गेल्या की गेल्या. दोन-चार गुणांनी राहिला असेल तर आधी झेरॉक्स मागवा, शिक्षकांना दाखवा, मग पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. राहिलेला विषय दुसऱ्या सत्राच्या शेवटासाठी ठेवू नका, आठवड्यातले तीन तास त्याच्या नावावर आत्तापासून लावा. शिष्यवृत्तीवर काय परिणाम होतो ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्या.

आणि घरी सांगा. पालकांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही विनंती आहे की मुलानं सांगितल्यावर शेजारच्या मुलाचे गुण काढू नका.

मला स्वतःला पहिल्या सत्रात गणितात केटी लागली होती. वडील मागाच्या कारखान्यात जॉबर होते, रात्रपाळी करायचे. "पोरगी इंजिनिअर होणार" हे त्यांनी सगळ्या खात्याला सांगून ठेवलं होतं. मी गुणपत्रिका पुस्तकात दडवली आणि निकाल लागायचाय असं सांगत राहिले. तीन आठवडे. त्या दिवसांत मी कॉलेजला निघायचे आणि कंबर तलावाच्या काठी बसून परत यायचे. शेवटी एका सकाळी ते पाळीवरून आले, अंगावर, केसांत कापसाचा तूस तसाच, आणि मी चहा देता देता सांगून टाकलं. ते थोडा वेळ बशीकडे बघत राहिले. मग विचारलं, "किती विषय?"

"एक."

"परत देता येतो?"

"हो."

"फॉर्म कधी भरायचा?"

मला माहीत नव्हतं. तीन आठवडे मी नोटीस बोर्डाकडे गेलेच नव्हते. त्यांनी चहा तसाच ठेवला, सायकल काढली आणि मला मागे बसवून कॉलेजात नेलं. फॉर्मला दोन दिवस उरले होते.